म्हाळू धनगराची जुलेखा

तात्या, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावाला गेले, मीही येडशीहून उस्मानाबादला परत आले. घरात सगळं पहिल्यासारखं चालू आहे. युसूफ सकाळी दुकानात जाऊन मशीनवर बसतात, नूरी दारात भातुकली मांडते, मी काजं-बटणं करते. फक्त बाजारच्या दिवशी दारात काठी वाजत नाही आणि "जुले, हैस का घरी?" अशी हाक येत नाही. बाजारच्या दिवशी मी दोन भाकरी जास्त थापते. परवाही थापल्या, मग ध्यानात आलं.

रडून झालंय माझं. पण तुमच्याशी एक भांडण अर्ध्यात राहिलंय, आणि ते कुणापाशी पुरं करावं ते कळत नाही. म्हणून तुमच्यापाशीच बोलते.

मला माझे आई-बाप आठवत नाहीत. जे माहीत आहे ते तुम्हीच सांगितलेलं. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. दिवाळीआधी गाद्या-लेपांचा कापूस पिंजत गावोगाव हिंडणारं एक जोडपं येडशीच्या स्टेशनापलीकडं, लिंबाखाली उतरलं होतं. त्या साली पटकी आली. आधी नवरा गेला, दुसऱ्या दिवशी बायको. भीतीनं कुणी जवळ जाईना. तुम्ही मेंढरं घेऊन रामलिंगाच्या रानाकडं निघाला होता, तेव्हा पोर रडल्याचं ऐकलं. तीन वर्षांची मी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसले होते. नाकातोंडाला कापूस चिकटलेला. "कोकरूच वाटलं मला," असं तुम्ही सांगायचा, आणि दर वेळी तिथंच हसायचा, म्हणजे पुढचं सांगावं लागू नये.

पुढचं मला कासीमचाचांनी सांगितलं. येडशीत किराणा दुकान चालवणारे कासीमचाचा म्हणजे तिथल्या मुसलमानांतले वडीलधारे. त्यांनी आणि आणखी तिघांनी माझ्या आई-बापाला माती दिली. खड्डा खणायला माणसं कमी पडली, तेव्हा तुम्ही पटका सोडून बाजूला ठेवलात आणि कुदळ घेतलीत. मला तोवर आईनं घरी नेऊन शेळीचं दूध पाजलं होतं. आई म्हणजे तुमची ठकू. तुमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कासीमचाचांच्या दुकानापुढं बैठक बसली. एका बाजूला तुमची भावकी, एका बाजूला येडशीतले मुसलमान. दोन वर्षांपूर्वीचं, निजाम जातानाचं मारणं-जाळणं कुणाच्याही मनातून गेलेलं नव्हतं. माणसं एकमेकांशी जपून बोलत होती. तुमचे धाकटे भाऊ संतूकाका म्हणाले, "ज्यांचं लेकरू त्यांनी न्यावं. उद्या हिच्या पायी आपल्याला कुणी पंगतीला बसवणार न्हाय." तिकडून एकजण म्हणाले, "मुसलमानाची बच्ची धनगराच्या वाड्यात वाढली तर कयामतच्या दिवशी जवाब आम्हाला द्यावा लागेल. हैदराबादला पोरक्या लेकरांचा यतीमखाना आहे, तिथं पाठवू."

तुम्ही म्हणालात, "हैदराबाद लई लांब हाय. आन् लेकरू माझ्या मानंला मिठी मारून बसलंय. सोडवा आन् न्या, माझं काय म्हणणं न्हाय."

दोघांनी सोडवून पाहिलं म्हणे. मी एकाचा कान ओढला आणि असा गळा काढला की स्टेशनावरचा पोर्टर बघायला आला. तेव्हा कासीमचाचा बोलले. ते म्हणाले, "म्हाळू, बच्ची तू वाढव. पण तिचा दीन-धरम तिच्यापाशी राहू दे, आन् तिच्या बापाचं नाव तिच्यापाशी राहू दे. तेवढी जबान दे." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून जबान दिलीत. संतूकाका उठून गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते आपल्या घरी पाणी प्याले नाहीत.

तात्या, त्या शब्दानं मला घर दिलं, आणि पुढं वीस वर्षं मी त्याच शब्दाशी भांडत आले.

पहिले दिवस गमतीचेच असणार. पाणी हवं असलं की मी "पानी होना" म्हणायची, आणि आई घाबरून तुम्हाला विचारायची, "आवं, पाण्याला काय होनार हाय?" मग तुम्ही कासीमचाचांच्या दुकानात बसून चार शब्द शिकून यायचा. तुमचं ते बोलणं! "नक्को रो बेटी, मैं हाय ना," म्हणायचा आणि मी रडायची थांबायची, बहुधा आश्चर्यानं. वर्षभरात मी तुमची बोली बोलायला लागले आणि माझी विसरले. तेव्हा आईला आनंद झाला आणि तुम्हाला घोर लागला. मला बोट धरून तुम्ही पोरींना कुराण शिकवणाऱ्या उस्तानीबींच्या दारात नेऊन उभं केलंत. म्हणालात, "बाई, हिची जबान हिला परत शिकवा. आमच्यापाशी हरवली." दर शुक्रवारी मी आत अलिफ-बे गिरवायची आणि तुम्ही समोरच्या ओट्यावर लोकर कातत बसायचा.

मला तिथं जायला आवडायचं नाही. उस्तानीबींकडच्या पोरी मला धनगरीण म्हणायच्या, माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणायच्या. वाड्यातल्या पोरी पिंजाऱ्याची म्हणायच्या. रडत आले की आई म्हणायची, "तू माझी हैस, जा, सांग त्यास्नी." तुम्ही मात्र म्हणायचा, "खोटं काय बोलत्यात? पिंजाऱ्याचीच हैस. लाज कशाची? त्यानं पिंजलेल्या कापसावर निम्मं येडशी झोपतंय." मला ते नको असायचं. मला आईचं ऐकायचं असायचं.

दर पावसाळ्याआधी तुम्ही मला कब्रस्तानात न्यायचा. त्या दोन ढिगाऱ्यांवरची काटेरी झुडपं काढायचा, हात झटकायचा आणि सरळ बोलायला लागायचा. "हुसेनभाऊ, लेक दुसरीत गेली. पाढे येत्यात. जिवाला बरी हाय." शेजाऱ्याला बांधावर उभं राहून सांगावं तसं. मी इकडंतिकडं बघायची, कुणी ऐकत तर नाही ना.

हुसेन हे नाव तरी तुम्हाला कुठं आयतं मिळालं होतं? मला नाव विचारलं की मी "मुन्नी" म्हणायची, आणि मुन्नी घरोघरी असतात. त्या नावापायी तुम्ही दोन वर्षं हिंडलात. येरमाळ्याच्या जत्रेत, ढोकीच्या बाजारात, जिथं पिंजारी दिसेल तिथं विचारायचा. आईला ते बिलकूल पसंत नव्हतं. ती म्हणायची, "झोपलेल्या सापाला कशाला काडी लावता?" शेवटी तेरच्या बाजारात एकानं ओळख पटवली. माझ्या बापाची बहीण तेरच्या पलीकडं एका खेड्यात नांदत होती. तुम्ही तिच्या दारात गेलात आणि तिला घेऊन आलात.

तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. तो दिवस मला लख्ख आठवतो. आईनं मला न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला. वेणी घालताना तिच्या हातून तीनदा पेड सुटले. फुफी आली. हाजराबी तिचं नाव. तिनं माझी हनुवटी वर करून पाहिली, आणि "भैय्या की आँखाँ," म्हणून पदर डोळ्यांना लावला. तिनंच सांगितलं, मुन्नीचं नाव जुलेखा. बाप हुसेन, माय शरीफा.

मग तुम्ही ते बोललात. "बाई, रगत तुमचं हाय. न्यायची असंल तर न्या. आमी आडवं येणार न्हाय."

आई उठली आणि मेंढवाड्यात गेली. फुफी तिच्या मागं गेली. आई कुडाकडं तोंड करून उभी होती. फुफी बाहेर आली ते चपला घालतच. तुम्हाला म्हणाली, "भाई, मला सहा आहेत. सातवी जड नाही. पण एवढी रडणारी माय मी हिला कुठून आणू?" आणि संध्याकाळच्या आत परत गेली. त्यानंतर ती दर ईदला यायची, माझ्यासाठी बांगड्या घेऊन, आणि आईसाठी शेवया.

आई हे आयुष्यभर हसतरडत सांगत राहिली. मला त्यातलं एकच वाक्य टोचत राहिलं. न्यायची असेल तर न्या. माझा बाप मला देऊन टाकायला तयार होता.

नऊ वर्षांची असताना मी आईच्या करंड्यातलं कुंकू लावलं. पंचमीचा दिवस होता, सगळ्या पोरी लावून वारुळाला निघाल्या होत्या. दारात तुम्ही भेटलात. धोतराच्या सोग्यानं माझं कपाळ पुसलंत. मी तुमच्या हाताला चावले. दातांचे वण आठ दिवस राहिले होते. आई तुमच्यावर तुटून पडली, "टिकलीएवढं कुकू. त्यानं कुणाचं काय बुडालं आसतं?"

"कासीमचाचाला शब्द दिलाय."

"शब्द तुमचा. लेक माझी."

तुम्ही मेंढरं सोडलीत आणि दिवसभर घरी आला नाहीत. मी वारुळाला गेलेच नाही. तुम्ही तसं पुसायला हवं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. उस्तानीबींना विचारलं असतं तर त्या तुमच्या बाजूनं बोलल्या असत्या. आई माझ्या बाजूनं होती. पण तात्या, नऊ वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? तिला एवढंच कळलं, की मी ह्यांची नाही.

मी सातवी पास झाले त्याच साली आई गेली. दोन वर्षांनी फुफीनं उस्मानाबादचं स्थळ आणलं. मुलगा शिवणकाम करतो, निर्व्यसनी आहे. त्यांच्याकडच्या काही माणसांच्या मनात होतंच, की पोरगी धनगराच्या घरात वाढलीय, तिला नमाज येते का, खाणंपिणं कसं असेल. उस्तानीबींनी त्यांना सांगितलं, "माझ्यापाशी शिकलीय. घरात बसून विचारा." मी सगळं म्हणून दाखवलं. मुलाचे चुलते म्हणाले, "बापानंही शिकवलं नसतं, ते एका धनगरानं शिकवलं." तुम्ही तिथंच बसला होता. म्हणालात, "न्हाय जी, म्या नुसता वट्यावर बसत हुतो."

निकाह कासीमचाचांच्या अंगणात झाला. पंगत, मंडप सगळं त्यांचं, आणि तुम्ही मंडपाच्या कडेला, पाहुण्यांच्या बैलांजवळ. कुणी तुम्हाला उठवलं नव्हतं. आपणहून जाऊन बसला होता. मला ते पडद्याआडून दिसत होतं. दोन साक्षीदार घेऊन नवरीची कबुली घेणारे वकील आले आणि त्यांनी विचारलं, "जुलेखा, हुसेन की बेटी, कबूल है?"

मी म्हणाले, "हुसेन की नहीं. म्हाळू धनगर की."

काजीसाहेब चिडले नाहीत, पण म्हणाले, असं चालत नाही, नाव खऱ्या बापाचंच लागतं. बाया मला समजावायला लागल्या. मी ऐकेना. शेवटी कासीमचाचांनी तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात, आत पाय टाकला नाही.

"पोरी," तुम्ही म्हणालात, "त्या माणसाचं ह्या जगात काय बी ऱ्हाईलं न्हाय. ना घर, ना शेत. तू आन् तुझ्यामागं लागलेलं त्याचं नाव. तुला म्या घेतलीच की. आता नाव बी घेतलं तर त्याच्यापाशी काय ऱ्हाईल?"

मी कबूल म्हणाले. रागानं म्हणाले. आणि निघताना तुमच्या पाया न पडताच गाडीत बसले. आज त्याची लाज वाटते.

राग पुढं पातळ झाला. तुम्ही बाजारला आलात की जेवायला येऊ लागलात. नूरी झाली तेव्हा तिच्यासाठी मऊ लोकरीची घोंगडी विणून आणलीत. युसूफ तुमच्याशी तासन् तास बोलायचे. त्यांनीच एकदा सांगितलं, की दत्तकाचा नवा कायदा झालाय, पण त्यात हिंदूला मुसलमानाचं लेकरू घेता येत नाही; कागदावर जुलेखा तुमची कधी होणारच नाही. तुम्ही हसलात. "कागद शेरडं खात्यात, जावईबापू," म्हणालात.

आणि मग तो शेवटचा दिवस, म्हणजे शेवटचा असेल हे तेव्हा कुठं माहीत होतं. तुम्ही जेवून भिंतीला टेकला होता. मी नूरीचे केस विंचरत होते, आणि एकाएकी तोंडातून निघून गेलं, "तात्या, त्या दिवशी फुफी न्हेते म्हणाली असती तर?"

तुम्हाला कुठला दिवस हे विचारावं लागलं नाही.

"तर काय? मेंढरं घेऊन तेरच्या अंगाला गेलो आसतो. तिकडं बी गवात हाय की."

"खरंच?"

"तुझ्या आईला बी ठावं न्हवतं. पर मनात ठरवूनच तुझ्या फुफीला आणली हुती."

"मग तवाच का नाही सांगितलं? एवढी वर्षं मला वाटतंय, तुम्ही मला देऊन टाकत होता."

तुम्ही पायाची बोटं चोळायला लागलात. मग म्हणालात, "सांगितलं आसतं, तर ती बाई मोकळ्या मनानं बोलली आसती व्हय? तिला वाटलं आसतं, नवरा-बायकू पाठ सोडणार न्हाईत, कशाला न्या. तिच्या भावाची लेक. तिला खुल्या दिलानं इचारायचं हुतं. तुझ्या काळजाचं म्हणशील, तर चुकलंच माझं. दोन्ही एकदम राखता आलं न्हाय."

तात्या, त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी चहा टाकते म्हणून उठले. चुलीपुढं बराच वेळ बसले. चहा घेऊन आले तोवर तुम्ही नूरीला मेंढरू कसं ओरडतं ते दाखवत होता. विषय निघून गेला. गाडीची वेळ झाली. मनात म्हटलं, पुढच्या बाजारला सांगेन.

पुढच्या बाजारच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येडशीचा माणूस निरोप घेऊन आला. मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माझी खात्री होती की तुम्हाला नेलं असेल. पण तुम्ही अंगणातच होता. भावकीतले काहीजण म्हणत होते म्हणे, उशीर होतोय, ती काय सख्खी आहे का. संतूकाका दारात काठी घेऊन बसले होते. मला बघून ते उठले. "लेक आली," म्हणाले. "आता उचला." एवढंच. मग तुम्हाला शेवटचं पाणी पाजायला त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला.

हे सगळं मी आज का बोलत बसले, त्याला कारण आहे. आमच्या शेजारी सुलोचनाबाई राहतात. नवरा कचेरीत कारकून आहे. त्यांनाही मूलबाळ नाही. दोन महिन्यांपूर्वी रस्त्याच्या कामावरची एक लमाणी बाई बाळंतपणात गेली, नवरा आधीच गेलेला. म्हाताऱ्या आजीनं तान्ही पोर सुलोचनाबाईंच्या ओटीत घातली, आठ दिवस सांभाळा म्हणाली. काम संपलं, तांडा पुढच्या रस्त्यावर गेला, आजी परत आली नाही. सुलोचनाबाईंचा जीव पोरीत गुंतला. पण सासरचे म्हणतात, लमाणाची पोर घरात नको. ओळखीच्या एका शहाण्यानं सांगितलं, आहे कोवळी तोवर नाव-गाव बदलून टाका, कुणाला सांगू नका, तिलाही नाही. मोठी झाली की तुमचीच.

त्या मला विचारायला आल्या होत्या. "तुम्ही यातून गेलाय. तुम्हीच सांगा." मी म्हणाले, तात्या बाजारला आले की त्यांना विचारू.

तेराव्याहून परत आले, तर त्या पुन्हा आल्या. पोर खांद्यावर झोपलेली. आता सांगायला मीच होते. वीस वर्षं तुमच्याशी भांडलेली मी, मला वाटलं होतं मी म्हणेन, करा तुमचीच, पुसून टाका मागचं सगळं, लेकराला सुख होईल. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "आधी तांडा शोधा. आजीला गाठा. पोरीच्या आई-बापाची नावं विचारून घ्या, आणि आजीला खुल्या मनानं विचारा, नेणार का म्हणून."

सुलोचनाबाईंचा चेहरा उतरला. "आणि तिनं नेली तर?"

"तर तांडा जाईल तिथं जात-येत राहा. पण एक करा. तसं ठरवलंय हे पोरीला मोठी झाल्यावर लगेच सांगा. माझ्या बापानं सांगायला उशीर केला. आणि पोरीनं तुमचं काही मागितलं, नाव म्हणा, रीत म्हणा, तर नाही म्हणू नका. दोन्ही तिचंच आहे."

म्हणजे बघा, तात्या, निम्मं तुमचं घेतलं आणि निम्मं नाही घेतलं. तुम्ही असता तर यावर मान हलवली असती का भांडला असता, ते मला कधीच कळणार नाही. पण तुम्ही मला खुल्या मनानं विचारायला शिकवलंत, आणि माझ्या बापाला माझ्यापासून तोडलं नाहीत, हे मी त्या दिवशी चुलीपुढून उठून येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. आता सांगते.

आज सकाळी सुलोचनाबाई आणि त्यांचे यजमान पहिल्या गाडीनं तुळजापूरच्या रस्त्यानं गेले. तांडा तिकडं कुठं तरी खडी फोडतोय असा पत्ता लागलाय. एवढ्या उन्हात तान्ह्या लेकराला कुठं न्यायचं, म्हणून पोर दिवसभरासाठी माझ्याकडं ठेवलीय. ती आत्ता माझ्या मांडीवर आहे, मूठ तोंडात घालून टकामका बघतेय. नूरी मघाशी जवळ येऊन बसली. तिचं बोट धरून बघितलं, मग मला विचारलं, "अम्मी, हिचं नाव काय?"

मी म्हणाले, "ते आणायलाच हिचे आई-बाप गेलेत."